घाशीराम, पुणे आणि आम्ही परगावचे



यंदा स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यवाहांनी आग्रह धरला. मी गलाईवाला माणूस. वडील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी लखनौला आले आणि पुढे मलिहाबादला स्थिरावले. इतिहास हा माझा प्रांत नाही. मात्र एका नाटकाची हकीकत मी हौसेने गोळा केली आहे. ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल'. त्याचा आरंभच गणपतीच्या नाचाने होतो, तेव्हा या पानांवर ते शोभून दिसेल.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. कनौजचा एक गरीब ब्राह्मण पोटासाठी पेशव्यांच्या पुण्यात येतो. तिथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, तुरुंग घडतो आणि शेवटी त्याला शहराबाहेर हाकलतात. सूडाने पेटून तो पोटची मुलगी नाना फडणविसांच्या हवाली करतो व बदल्यात कोतवाली मिळवतो. मग त्याच्या जुलमाला सीमा राहत नाही, आणि गरज सरल्यावर नाना त्याला जमावाच्या हाती देतात. इतिहासातला घाशीराम सावळदास औरंगाबादकडून आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण होता. त्याच्या कैदेत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ च्या ऑगस्टअखेर जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनची निर्मिती, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्ये. डॉ. मोहन आगाशे नाना झाले, तर रमेश टिळेकर घाशीराम. ब्राह्मणांची रांग पाठमोरी उभी राहिली की तीच भिंत, तीच वळली की पुण्याची माणसे! कीर्तन, तमाशा आणि दशावतार यांचा असा मेळ पाहून जाणकार हरखून गेले.

पण दुसरीकडे संतापही उसळला. नानांची बदनामी केली, ब्राह्मणांची टवाळी केली, असे आक्षेप आले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, हे तेंडुलकरांचे म्हणणे अनेकांच्या कानापर्यंत पोहोचलेच नाही. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकादमी स्थापन केली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपला निघाले तेव्हा विरोध पुन्हा पेटला व प्रकरण न्यायालयात गेले. पुढे ज्या नाटकाला इतका विरोध झाला, त्याची गणना मराठी रंगभूमीच्या मानाच्या कलाकृतींत होऊ लागली.

या सगळ्या वादात लोकांनी विचारले, नाना असे होते का? पुणे असे होते का? काही वर्षांपूर्वी आम्ही गणेशोत्सवात वसंत देव यांच्या हिंदी अनुवादातले काही प्रवेश वाचले, तेव्हा मला निराळाच प्रश्न ऐकू आला. श्रोत्यांत शेजारचे एक वृद्ध मास्टरसाहेब होते, मूळचे कनौजकडचे. वाचन संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "भैया, उसने चोरी की थी क्या?"

मी म्हणालो, "नाही." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो फिर किसी ने पूछा क्यों नहीं?"

मला वडील आठवले. इथल्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा दागिना गाळल्यावर आतली लाख आणि मळ जळून वजन कमी भरले. बाहेरचा माणूस, सोने मारले, असा गलका झाला. दुकानापुढे गर्दी जमली. तेवढ्यात बाजारातले एक वयस्क सराफ पुढे आले. त्यांनी तशाच घडणीचा आपला दागिना सगळ्यांसमोर गाळायला दिला. त्यातही तेवढीच घट आली. गर्दी पांगली. वडील शेवटपर्यंत त्या सराफांचे नाव हात जोडून घेत.

घाशीरामाच्या पुढच्या पापांना क्षमा नाही. ज्या मुलीला त्याने विकले, तिचा तरी काय दोष होता? पण त्याच्यावर आळ आला त्या दिवशी 'पुन्हा तपासा' म्हणणारा एकही पुणेकर त्याला भेटला नाही, हेही तितकेच खरे. आमच्या वडिलांना मलिहाबादेत तो भेटला, म्हणून आम्ही आज इथे बाप्पा बसवतो.

मुंबईत 'भैया' हा शब्द पुष्कळदा हिणवण्यासाठी वापरतात. इथे मला त्याच शब्दाने प्रेमाने हाक मारतात. आपल्या गावी कोणी उत्तरेकडचा माणूस पोटासाठी आला आणि त्याच्यावर बोट रोखले गेले, तर पुन्हा वजन करायला सांगणारे आपण व्हावे, एवढीच बुद्धी गणरायाने आम्हा सर्वांना द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!