एंजिन उचलण्याची साधने

मोटारगाडीचे एंजिन दुरुस्तीसाठी सांगाड्यातून सुटे करून वर उचलणे, अधांतरी धरून ठेवणे व पुन्हा जागेवर बसविणे यांसाठी वापरण्यात येणारी कप्पी, साखळी, जॅक, यारी इ. साधने. चार सिलिंडरांच्या लहान एंजिनाचे वजन सामान्यतः 100 ते 150 किग्रॅ. असते, तर आठ सिलिंडरांच्या ओतीव लोखंडी एंजिनाचे वजन 250 किग्रॅ.च्याही पुढे जाते. मोठ्या कारखान्यात अशा कामासाठी छतालगतच्या रुळांवरून फिरणारी यारी असते. घरालगतच्या लहान गॅरेजमध्ये मात्र एकदोन माणसांनाच हे काम करावे लागते. त्यांना ते शक्य झाले यामागे दोन वेगवेगळ्या शोधपरंपरा आहेत. अल्प बलाने मोठा भार उचलण्याची युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. हात सुटला तरी उचललेला भार जागच्या जागी धरून ठेवणारी साधने सामान्य कारागिराच्या हाती आली ती एकोणिसाव्या शतकात.

प्राचीन काळ : आर्किमिडीज (इ. स. पू. सु. 287–212) यांनी माणसे व माल यांनी भरलेले जहाज संयुक्त कप्प्यांच्या साहाय्याने एकट्याने ओढून दाखविले, अशी हकिकत प्लूटार्क यांनी नोंदविली आहे. रोमन वास्तुशिल्पज्ञ व्हिट्रूव्हिअस यांनी आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात माथ्याशी जोडलेल्या व पायथ्याशी फाकविलेल्या दोन वाशांच्या यारीचे वर्णन केले आहे. अलेक्झांड्रियाच्या हीरॉन यांनी रहाट, तरफ, कप्पी, पाचर व मळसूत्र या पाच साध्या यंत्रांचा विचार केला. भार चार पदरी दोराने पेलला, तर घर्षण वगळता त्याच्या एकचतुर्थांश बल पुरते. मात्र भार 1 मी. वर नेण्यासाठी 4 मी. दोर ओढावा लागतो. या योजनेत एक उणीव होती. दोर ओढणाऱ्यांची पकड ढिली झाली की, भार त्याच वाटेने खाली येई. त्यामुळे भार धरून ठेवण्यास मनुष्यबळ व शिस्त या दोहोंची गरज लागे. डोमेनिको फोंताना यांनी 1586 मध्ये व्हॅटिकन येथील प्रचंड एकाश्मस्तंभ हलविला, तेव्हा 40 उभे रहाट व सुमारे 900 माणसे कामास होती. कर्णा वाजताच ओढावयाचे व घंटा वाजताच थांबावयाचे, असा संकेत त्यांनी ठरवून दिला होता.

औद्योगिक काळ : इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ येथील गोदीत मार्क इझाम्बार्ड ब्रूनेल यांनी योजिलेल्या व हेन्री मॉड्‌स्ली यांनी बनविलेल्या यंत्रांवर 1808 च्या सुमारास वर्षाकाठी सुमारे 1,30,000 कप्प्या तयार होऊ लागल्या. कप्पी स्वस्त व एकसारखी झाली. परंतु भार निसटण्याचा धोका कायम राहिला. त्यावरचा एक उपाय 1850–60 या दशकात टॉमस ऑल्ड्रिज वेस्टन यांच्या विभेदी कप्पीने पुढे आला. तीत वरच्या बाजूस किंचित भिन्न व्यासांची दोन चाके एकमेकांस घट्ट जोडलेली असतात व त्यांवरून एक अखंड साखळी खालच्या आकडा असलेल्या चाकाभोवती फिरते. मोठ्या चाकावर साखळी जेवढी गुंडाळली जाते, त्याहून थोडी कमी लहान चाकावरून सुटते आणि या फरकाच्या निम्म्या अंतराने भार वर चढतो. चाकांवर अनुक्रमे 12 व 11 खाचा असल्यास वेग गुणोत्तर 24 येते. घर्षणामुळे कार्यक्षमता सु. 35 टक्केच धरली, तरी 250 किग्रॅ. भारास सु. 30 किग्रॅ. ओढ पुरते. एरव्ही दोष मानले जाणारे घर्षण येथे उपकारक ठरते. कार्यक्षमता निम्म्याहून कमी असल्याने साखळी सोडून दिली तरी भार उलट खाली धावत नाही. बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंनी तयार केलेल्या या कप्प्या 1862 च्या लंडन आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडण्यात आल्या व त्यांस पदक मिळाले. पुढे दंतचक्रे वापरून कार्यक्षमता वाढविण्यात आली, तेव्हा घर्षणाची जागा वेस्टन यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोधकाने घेतली. त्यात भारच घर्षण-तबकड्यांना एकमेकींवर दाबतो व खिटीमुळे दातेरी चाक उलट फिरत नाही. म्हणून भार जितका जास्त तितकी पकड घट्ट होते.

याच सुमारास अन्यत्रही हाच प्रश्न सोडविला जात होता. एलिशा ओटिस यांनी 1854 मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात स्वतः उद्वाहकाच्या फळीवर उभे राहून तिचा दोर तोडवून घेतला. सुरक्षा-रोधकामुळे फळी जागीच थांबली. जोसेफ ब्रामा यांच्या जलीय दाबयंत्रावरून (1795) रिचर्ड डजन यांनी 1851 मध्ये हाताने हलविता येण्याजोगा जलीय जॅक बनविला. टँगी बंधूंचे जलीय जॅक ‘ग्रेट ईस्टर्न’ हे महाकाय जहाज पाण्यात लोटण्याच्या कामी (1857–58) उपयोगी पडले. अशा जॅकमध्ये एकदिशीय झडप द्रव परत जाऊ देत नाही आणि त्यामुळे दट्ट्या वरच राहतो.

मोटारगाडी व गॅरेज : पानार व लव्हासॉर यांच्या 1891 च्या गाडीत एंजिन पुढे व त्यामागे क्लच आणि दंतचक्र पेटी अशी मांडणी आली व ती रूढ झाली. तीमुळे एंजिन बाहेर काढताना ते पुढे सरकवून, तिरपे करून, मग वर उचलावे लागते. याउलट फोक्सवॅगन ‘बीटल’चे मागच्या बाजूस असलेले हवाशीतित एंजिन चार बोल्ट काढून जॅकवर खालच्या बाजूने उतरविता येते. गाड्या घरोघर आल्यावर छताच्या तुळईला, झाडाच्या फांदीला किंवा लोखंडी नळ्यांच्या तिकाटण्याला साखळी-कप्पी टांगण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रातील लहान गॅरेजांतही तिकाटणे व ‘चेन पुली’ यांचा असा वापर होत आला आहे. पुढे जलीय जॅक, बाहू व चाकांचे पाय यांची जोडणी असलेली घडीची यारी प्रचारात आली व छताचा आधार घेण्याची गरज उरली नाही.

धोके व दक्षता : कप्पी भार धरते, परंतु कप्पीला धरणारा आधार तेवढाच भक्कम असेल असे नाही. मध्यावर टांगलेल्या भारामुळे तुळईवर येणारा नमनकारी परिबल तोच भार सर्व लांबीवर विभागला असता येणाऱ्या परिबलाच्या दुप्पट असतो. केवळ पत्रे वा कौले पेलण्यासाठी घातलेली तुळई म्हणून विश्वासार्ह नसते. तिकाटण्याचे पाय गुळगुळीत जमिनीवर फाकू नयेत यासाठी ते साखळीने एकमेकांस बांधतात. एंजिनास दोन ठिकाणी बांधलेल्या साखळीचे पदर क्षितिजाशी 60° कोन करीत असल्यास प्रत्येक पदरात भाराच्या सु. 58 टक्के ताण येतो. कोन 30° झाल्यास प्रत्येक पदरात संपूर्ण भाराइतका ताण येतो. यारीचा बाहू लांबविला की, तरफेच्या नियमाने तिची क्षमता घटते. तसेच भार पायांच्या कक्षेबाहेर गेल्यास ती कलंडते. टांगलेले एंजिन झोके घेऊ लागल्यास क्षणभर वजनाहून अधिक बल निर्माण होते; म्हणून गाडी मोकळी होताच एंजिन जमिनीलगत आणूनच यारी हलवितात. जॅकची झडप झिजल्यास तेल पाझरून भार हळूहळू खाली येतो व मोचन झडप एकदम उघडल्यास तो कोसळतो. यासाठी उतरविलेले एंजिन ताबडतोब भक्कम घोडीवर ठेवतात. खिटी, रोधक व झडप यांनी हाताची पकड सुटण्याचा धोका दूर केला आहे. तुटलेला दुवा, निखळलेला बोल्ट वा मोडलेली तुळई यांवर मात्र त्यांपैकी एकाचाही इलाज चालत नाही. त्यामुळे भार अधांतरी असेपर्यंत त्याखाली कोणीही उभे राहू नये वा हात घालू नये, हा नियम साधने बदलली तरी कायम राहिला आहे.