उसात जनुक संपादन अवघड का आहे?

मे २०२५ मध्ये देशात जनुक संपादित भाताचे ‘कमला’ (डीआरआर धान १००) आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे दोन वाण जाहीर झाले. मग उसात असे वाण का नाहीत, हा प्रश्न आपल्याला पडणे साहजिक आहे. याचे कारण उसाच्या गुणसूत्रांत आहे.

उसाची जडणघडण

आजचे ऊस वाण मुख्यतः दोन जातींच्या संकरातून आले आहेत: जाड, गोड ऊस आणि काटक रानटी ऊस. कोईमतूर येथून १९१८ मध्ये प्रसारित झालेला को २०५ हा अशाच संकराचा वाण. या संकरामुळे गोडीला काटकपणाची जोड मिळाली. पण गुणसूत्रांची गर्दीही झाली.

- भातात २४ गुणसूत्रे जोडीने असतात. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या साधारण दोन प्रती.
- उसात गुणसूत्रे १०० ते १३० असतात. एकाच जनुकाच्या साधारण ८ ते १२ प्रती असू शकतात.
- भाताच्या एका संचात डीएनएची सुमारे ४० कोटी अक्षरे आहेत. उसात सर्व प्रती मिळून ती सुमारे १,००० कोटी होतात.

वाचन का अवघड?

डीएनए तुकड्या-तुकड्यांनी वाचून नंतर जोडतात. उसात तुकडे एकमेकांसारखेच असल्याने कोणता तुकडा कोणत्या प्रतीचा, हे कळत नाही. लांब तुकडे वाचणारे तंत्र आल्यावर आर ५७० या रियुनियन बेटावरील वाणाचा सविस्तर आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाताचा आराखडा २००५ मध्येच पूर्ण झाला होता. आर ५७० च्या आराखड्यामुळे तपकिरी तांबेरा प्रतिकारामागील संभाव्य जनुके नेमकी ओळखता आली.

संपादन का अवघड?

1. एक-दोन प्रती बदलून भागत नाही. उरलेल्या प्रती काम चालूच ठेवतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका प्रयोगात लिग्निनशी संबंधित जनुकाच्या १०९ पैकी १०७ प्रती बदलाव्या लागल्या.
2. संपादनासाठी पेशीत घातलेले बाहेरचे जनुक भातात पुढच्या पिढीत वेगळे करता येते. उसात त्यासाठी संकर केला, तर गुणसूत्रांची नव्याने सरमिसळ होऊन मूळ वाणच हातचा जातो.
3. प्रयोगशाळेत एका पेशीपासून पूर्ण रोप तयार करणे सर्व वाणांत सारखे जमत नाही.

आपण काय करावे?

- भारतात जनुक संपादित उसाचा वाण अद्याप लागवडीसाठी प्रसारित झालेला नाही. त्या नावाने कोणी बेणे विकत असल्यास घेऊ नये.
- ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे म्हणजे जनुक संपादित रोपे नव्हेत. त्यांत वाण तोच राहतो, फक्त रोपे निरोगी मिळतात.
- को ८६०३२, फुले २६५ यांसारख्या शिफारशीत वाणांचे बेणे त्रिस्तरीय बेणे मळ्यातूनच घ्यावे. मूलभूत बेण्यास उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया (५४ अंश सेल्सिअस, अडीच तास) झालेली असावी.
- दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. गवताळ वाढ व काणीग्रस्त बेटे मुळासकट काढून नष्ट करावीत.