हिशेबाच्या वाटेनें आलेली साथ

इ. स. २०१७ च्या जून महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या खाडीपलीकडील न्हावा-शेवा येथें, जवाहरलाल नेहरू बंदरांत, एक विलक्षण प्रकार घडला. तेथील एका मोठ्या धक्क्यावर मालाच्या पेट्यांची चढउतार एकाएकीं खोळंबली. याऱ्या मोडल्या नव्हत्या. परंतु कोणती पेटी कोठें आहे व ती कोणाच्या स्वाधीन करावयाची हें सांगणारे संगणक मुके झाले होते. हातानें नोंदी करून काम रेटण्याचा प्रयत्न झाला, आणि बाहेर तुंबणाऱ्या मालमोटारींसाठीं वेगळ्या जागेची तजवीज करावी लागली. या खोळंब्याचें मूळ मात्र मुंबईंत नव्हतें. तें हजारों मैलांवर, युक्रेन देशाची राजधानी कीव्ह येथें होतें. आणि तेंहि एखाद्या दारूगोळ्याच्या कोठारांत नव्हे, तर कराचा हिशेब ठेवणाऱ्या एका साध्या आज्ञावलींत होतें. ही वाट कशी उघडली हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

संगणकाचा विषाणु म्हणजे कांहीं सजीव जंतु नव्हे. संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. जी आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलींत शिरून तेथें स्वतःची नक्कल उठविते तिला विषाणु म्हणण्याची रीति रूढ झाली ती मुख्यतः फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाच्या १९८४ च्या निबंधामुळें. त्यापूर्वीं, नोव्हेंबर १९८३ मध्यें, त्यानें परवानगी घेऊन एक प्रयोग केला होता. संगणकांतील फायलींची मांडणी चित्ररूपानें दाखविणाऱ्या एका उपयुक्त आज्ञावलींत त्यानें विषाणु दडविला, आणि सामायिक सूचनाफलकावर त्या आज्ञावलीची वार्ता दिली. लोकांनीं ती आपण होऊन चालविली. प्रयोग पांच वेळां झाला, आणि पांचहि वेळां संगणकाचे सर्वाधिकार विषाणूच्या हातीं गेले. त्यास सरासरीनें अर्धा तासहि लागला नाहीं. कोठलेंहि कुलूप तोडावें लागलें नाहीं. दार उघडलें तें आंतल्याच माणसांनीं.

ग्रीक कथेंतील ट्रॉय नगरीच्या लोकांनींहि तो लाकडी घोडा स्वतःच ओढून वेशीच्या आंत नेला होता. म्हणूनच उपयुक्ततेचें सोंग घेऊन येणाऱ्या घातकी आज्ञावलीस ट्रोजन हें नांव पडलें. डिसेंबर १९८९ मध्यें असा एक घोडा टपालानें घरोघर गेला. एड्स या रोगाविषयीं माहिती देणाऱ्या सुमारें २०,००० चकत्या लंडनहून निरनिराळ्या देशांस रवाना झाल्या. चकतीवरील आज्ञावली संगणकांत घातल्यावर कांहीं काळ सर्व ठीक चाले. पुढें संगणक सुमारें ९० वेळां सुरू झाला, कीं फायलींचीं नांवें सांकेतिक होऊन दिसेनाशीं होत, आणि पनामा येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठविण्याची मागणी पडद्यावर उमटे. वस्तुतः फायलींतील मजकुरास धक्का लागलेला नसे, आणि नांवें पूर्ववत् करणारी उताऱ्याची आज्ञावलीहि लवकरच तयार झाली. पण तोंपर्यंत कित्येकांनीं भीतीच्या भरांत संगणकांतील सर्व कांहीं पुसून टाकलें होतें. रोगानें जें नेलें नाहीं, तें घाईनें नेलें.

पुढें चकत्या मागें पडल्या आणि आज्ञावल्या इंटरनेटवरूनच उतरवून घेण्याचा प्रघात पडला. युक्रेनमधील एम. ई. डॉक ही आज्ञावली त्यांपैकींच एक होय. कराचीं विवरणपत्रें सरकारास पाठविणें व हिशेबाचे कागद एकमेकांस देणेंघेणें यांसाठीं ती उपयोगांत येई. त्या देशांत ज्यास व्यापार करावयाचा, त्याच्या कचेरींत ती बहुधा असावयाचीच. कायदे बदलत, तशी तिची सुधारलेली आवृत्ति, म्हणजे अपडेट, कीव्ह येथील कंपनीच्या सर्व्हरवरून ग्राहकांच्या संगणकांत उतरे. यांत शंका घेण्याजोगें कांहीं नव्हतें. उलट, वेळच्या वेळीं अपडेट घेणारा मनुष्य दक्ष समजला जाई.

याच विश्वासाचा घात झाला. हल्लेखोरांनीं कंपनीच्या यंत्रणेंत शिरून १४ एप्रिल, १५ मे व २२ जून २०१७ च्या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला. ईसेट या स्लोव्हाकियांतील संस्थेच्या संशोधकांनीं पुढें तो उघडकीस आणला. या चोरदरवाजांतून प्रत्येक पेढीचा सरकारी नोंदणी-क्रमांकहि हल्लेखोरांस कळत असे. कोणाच्या घरांत आपण उभे आहों याची त्यांस पुरती जाणीव होती. मग २७ जून रोजीं, म्हणजे युक्रेनच्या संविधानदिनाच्या आदल्या दिवशीं, त्यांनीं त्याच वाटेनें खरा विषारी ऐवज आंत सोडला. पेट्या नांवाच्या जुन्या खंडणीखोर आज्ञावलीशीं त्याचें साम्य असल्यानें त्यास पुढें नॉटपेट्या असें नांव मिळालें.

त्याची चाल दुहेरी होती. संगणकाच्या स्मृतींत राहिलेले परवलीचे शब्द तो चोरी आणि त्यांच्या बळावर शेजारच्या संगणकांत शिरे. शिवाय विंडोज प्रणालींतील एका जुन्या छिद्राचाहि तो उपयोग करी. पडद्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा देखावा उभा करून पाठीमागें तो मजकूर कुलूपबंद करी व शेवटीं ३०० डॉलरची मागणी करी. पण पैसे भरण्यांत अर्थ नव्हता. कुलूप उघडणारी किल्ली हल्लेखोरांजवळहि उरत नसे. खंडणी हें केवळ सोंग होतें. खरा हेतु विध्वंसाचा होता. फेब्रुवारी १९१८ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, फेब्रुवारी २०१८ मध्यें, ब्रिटन व अमेरिका यांनीं या कृत्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला, आणि ऑक्टोबर २०२० मध्यें अमेरिकेनें रशियन लष्करी हेरखात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र प्रसिद्ध केलें. रशियानें हे आरोप नाकारले.

बाण युक्रेनवर सोडलेला होता; परंतु संगणकांच्या जाळ्यास देशांच्या सीमा नसतात. डेन्मार्कमधील मर्स्क या जहाज कंपनीच्या ओडेसा येथील कचेरींत एका संगणकावर एम. ई. डॉक बसविलेली होती. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनीं या घटनेचा जो साद्यंत वृत्तांत लिहिला आहे, त्यांत या एकाच संगणकानें विषाणूस पाय ठेवण्यापुरती जागा दिल्याचें सांगितलें आहे. तेथून तो जगभर गेला. कोपनहेगन येथील मुख्य कचेरींत कर्मचारी खोल्याखोल्यांतून धांवत जाऊन ‘तारा काढा, संगणक बंद करा’ असें ओरडत होते. मर्स्कच्या समूहाकडे निरनिराळ्या देशांतील बंदरांचे धक्के होते. न्हावा-शेवा येथील तो धक्का त्यांपैकींच एक. कंपनीचें नुकसान २५ ते ३० कोटि डॉलरपर्यंत गेल्याचा अंदाज तिनें स्वतःच जाहीर केला.

आतां उपायाची गोष्ट. कंपनीच्या बहुतेक मजकुराच्या प्रती सुरक्षित होत्या. पण सर्व जाळ्याची मांडणी व अधिकार यांची नोंद ठेवणारे जे सुमारें १५० सर्व्हर होते, ते एकमेकांचे आरसे होते. एकावर जें घडे तेंच सर्वांवर घडे. म्हणून सर्व एकदमच नष्ट झाले. कसून शोध घेतां आफ्रिकेंतील घाना देशांत एक सर्व्हर शाबूत सांपडला. हल्ल्यापूर्वीं तेथील वीज गेली होती, आणि त्यामुळें तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्यावरील मजकूर तारेनें पाठवूं गेल्यास कित्येक दिवस लागते. घानांतील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनमध्यें शिरण्याचा परवाना नव्हता. तेव्हां एकानें ती तबकडी नायजेरियांतील विमानतळापर्यंत नेऊन दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि ती इंग्लंडला पोंचली. त्या एका प्रतीच्या आधारानें सुमारें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करण्यांत आले.

या इतिहासाचा अर्थ लावतांना एक चूक सहज होण्याजोगी आहे. अपडेटमधून विष आलें, तर अपडेट घेऊंच नये, असें कोणास वाटेल. पण ज्या जुन्या छिद्रांतून नॉटपेट्या पसरला, तें बुजविणारें अपडेट मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच दिलें होतें. ज्यांनीं तें घेतलें नाहीं, त्यांनीं एक दार उघडेंच ठेवलें. दुधानें तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावें हें ठीक. ताक पिणेंच सोडून देणें हें शहाणपण नव्हे.

खरा धडा निराळा आहे. विश्वासावांचून व्यवहार चालत नाहीं, आणि विश्वासाचा घात कधींच होणार नाहीं अशी हमी कोणासहि देतां येत नाहीं. म्हणून आज्ञावली मूळ कर्त्याकडूनच घ्यावी. संशय येतांच संगणक जाळ्यापासून तोडावा. भयानें सर्व पुसून टाकूं नये कीं खंडणी भरूं नये. परवलीचे शब्द दुसऱ्या निर्दोष संगणकावरून बदलावे. आणि या सर्वांच्या आधीं, संकट नसतांनाच, आपल्या मजकुराची एक प्रत जाळ्यास न जोडतां वेगळी ठेवावी. घानामध्यें हें काम वीज गेल्यामुळें, योगायोगानें झालें. घराघरांतून तें संकल्पपूर्वक करतां येतें, आणि त्यास लागतो तो आठवड्यांतला थोडासा वेळ.