लेडी मॅकबेथची झोप आणि नाटकातला तो डॉक्टर

"डॉक्टर, झोपेची गोळी बदलून द्या. ही लागू पडत नाही."

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ दर महिन्याला हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रक्तदाब, साखर, थायरॉइड, सगळे तपासून झाले. मी एकदा गोळीचा डोस वाढवला, एकदा गोळी बदलली. चौथ्या भेटीत पेन खाली ठेवून विचारले, "रात्री जाग आल्यावर मनात काय येतं?" बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "धाकट्या भावाच्या वाटणीची जमीन मी माझ्या नावावर करून घेतली. आता तो राहिला नाही. कोणाला सांगू?"

त्या दिवशी मला शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातला डॉक्टर आठवला. हे नाटक 1606 च्या सुमाराचे. मराठीतही ते जुनेच ओळखीचे आहे, शि. म. परांजपे यांचे 'मानाजीराव' आणि शिरवाडकरांचे 'राजमुकुट' ही त्याचीच रूपांतरे.

कथा थोडक्यात

मॅकबेथ हा स्कॉटलंडचा शूर सरदार. तू राजा होशील, असे भविष्य चेटकिणी त्याला सांगतात आणि मनात दडलेली इच्छा जागी होते. तो कचरतो, पण बायको त्याला भरीस घालते. घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजा डंकनचा दोघे मिळून रात्री काटा काढतात. हाताला लागलेले रक्त थोड्या पाण्याने धुऊन जाईल, असे लेडी मॅकबेथला तेव्हा वाटते.

इतिहासातला मॅकबेथ वेगळा होता. त्याचा डंकन 1040 साली लढाईत मारला गेला आणि मॅकबेथने पुढे 17 वर्षे राज्य केले. झोपलेल्या पाहुण्याचा खून ही नाटकातली गोष्ट, आणि नाटकातली पहिली शिक्षाही झोपेचीच. खून करून बाहेर येताच, आता आपल्याला झोप मिळणार नाही, असे मॅकबेथला वाटू लागते. पुढे भर मेजवानीत त्याला मारलेल्या मित्राचे भूत दिसते. ते बाकी कोणालाच दिसत नाही. बायको त्याला सांगते, तुमची झोप झालेली नाही. दीर्घकाळ झोप नसेल तर भास होऊ शकतात, हे आजचे वैद्यकशास्त्रही मानते.

यानंतर मॅकबेथ एकामागून एक खून करवतो आणि बायकोला त्यात घेत नाही. ती रंगभूमीवरून दिसेनाशी होते. पुन्हा दिसते ती शेवटच्या अंकात, हातात दिवा घेऊन झोपेत चालताना. डोळे उघडे, पण शुद्ध नाही. ती अदृश्य रक्ताचा डाग चोळून चोळून धुते आहे.

डॉक्टरने काय केले?

हा डॉक्टर दोन रात्री राणीच्या दासीबरोबर जागतो, तेव्हा काहीच घडत नाही. मग राणी येते. तो तिचे बोल लिहून घेतो. झोपेत चालणारी काही माणसे शेवटपर्यंत पुण्यशील जगलेली आपण पाहिली आहेत, असेही तो सांगतो. म्हणजे लक्षण दिसले की पापी ठरवायचे, अशी घाई तो करत नाही.

जाताना तो दासीला बजावतो: स्वतःला इजा करता येईल अशा वस्तू तिच्यापासून दूर ठेव आणि तिच्यावर सतत लक्ष ठेव. आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना आम्ही आजही पहिली सूचना हीच देतो.

1611 साली सायमन फॉर्मन नावाच्या वैद्यकी करणाऱ्या ज्योतिष्याने लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिले. डॉक्टर राणीचे शब्द टिपून घेतो, ही गोष्ट त्याने आपल्या वहीत आवर्जून नोंदवली.

पण एक गोष्ट राहिली. जाग्या राणीशी हा डॉक्टर एक शब्दही बोलताना आपल्याला दिसत नाही. तिला वैद्यापेक्षा धर्मोपदेशकाची गरज आहे, असे तो म्हणतो. त्याला राजाची भीतीही आहे. पुढे मॅकबेथ विचारतो, दुखावलेल्या मनावर तुझ्याकडे औषध नाही का? तो उत्तर देतो, तिथे रुग्णानेच स्वतःचा उपचार करायचा असतो. थोड्याच वेळात राणीच्या मृत्यूची बातमी येते. तिने स्वतःच जीव दिला, असे शेवटी कळते.

त्या काळचे वैद्यक आणि आजचे

डॉक्टरला सगळा दोष देणे बरोबर नाही. काळे पित्त वाढले की उदासी येते, असे तेव्हाचे वैद्यक सांगे. 1586 साली लंडनच्या टिमथी ब्राइट या डॉक्टरने उदासीवर ग्रंथ लिहिला. शरीरातून येणारी उदासी वेगळी आणि सदसद्विवेकाची टोचणी वेगळी, असे त्याने मांडले. दुसरीवर औषध चालत नाही, हे त्याचे मत.

आज आपण दोन्हींना मदत करू शकतो. मात्र काही गोष्टी लक्षात ठेवा:

- झोपेत चालणे बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत होते. लहान मुलांत ते सर्रास आढळते. मोठ्यांत अपुरी झोप, ताण, दारू आणि झोपेची काही औषधे ही कारणे असू शकतात. अशा व्यक्तीला हलकेच हात धरून अंथरुणावर न्या.
- वारंवार हात धुणे हा बहुतेक वेळा मंत्रचळेपणाचा आजार असतो. त्या माणसाने पाप केले आहे, असा अर्थ काढू नका.
- नैराश्यात काहीही चूक नसताना अपराधी वाटते. हे आजाराचे लक्षण आहे आणि उपचाराने कमी होते.
- चूक खरोखर झाली असेल, तर औषधाबरोबर बोलणे आणि शक्य तेवढी भरपाई करणे गरजेचे असते.
- झोपेची गोळी मनाने वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका.
- जगणे नकोसे वाटत असेल, तर आजच कोणाला तरी सांगा. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत मदत मिळते.

माझे ते रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. काही महिन्यांनी भावजयीच्या घरी जाऊन त्यांनी सगळे सांगितले आणि जमिनीचे कागद पुढे ठेवले. तिने लगेच माफ केले नाही. झोप मात्र परतली, आधी तीन तास, मग पाच. गोळी हळूहळू बंद झाली.

लेडी मॅकबेथने सगळे सांगितले होते, पण झोपेत. जागेपणी तिला विचारणारे कोणी नव्हते. मीही त्या गृहस्थांना तीन भेटी उशिराच विचारले. तेव्हापासून झोपेची तक्रार आली की मी गोळी लिहिण्याआधी पेन खाली ठेवतो.