एका दिवसाची भटकंती : आधी परतीची वेळ ठरवा

- प्रतिनिधी

शनिवारी रात्री बेत ठरतो आणि रविवारी पहाटे पाठपिशव्या घेऊन मंडळी बाहेर पडतात. मुंबई आणि पुण्याच्या रहिवाशांना या बाबतीत भाग्यवानच म्हणावे लागेल. सह्याद्रीचे कडे, पश्चिम घाटातील जंगल आणि कोकणचा किनारा हे तिन्ही दोन-तीन तासांच्या प्रवासावर आहेत. सकाळी निघून रात्री घरी जेवायला परतता येते. मात्र याच सोयीमुळे एका दिवसाची भटकंती गांभीर्याने आखली जात नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर्षासहलीला आलेली ही मंडळी पाण्यात उभी असताना प्रवाह अचानक वाढला आणि त्यांना काठ गाठता आला नाही.

डोंगर, जंगल आणि समुद्र या तिन्ही ठिकाणी धोक्याचे स्वरूप वेगळे असले, तरी आखणीचे सूत्र एकच आहे. कोठे जायचे हे ठरल्यावर किती वाजता निघायचे याचा विचार करण्याऐवजी किती वाजता परतायचे, हे प्रथम निश्चित करावे आणि तेथून उलट मोजत यावे.

वेळेचे गणित

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही जगभर वापरला जातो. सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास, असा तो हिशेब आहे. हा हिशेब थंड हवेतील, सराव असलेल्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. आपल्याकडील दमट हवा, गटातील मुले व ज्येष्ठ मंडळी आणि छायाचित्रांसाठी होणारे थांबे लक्षात घेता आलेल्या उत्तरात निम्म्याने भर घालणे योग्य ठरते. उतरण्यास फारच कमी वेळ लागेल, असेही गृहीत धरू नये. दमलेल्या गुडघ्यांना तीव्र उतार चढाइतकाच वेळ घेतो आणि पाय घसरण्याची भीती उतरतानाच अधिक असते.

डोंगर : भाजे-लोहगड

प्रथमच डोंगर चढणाऱ्यांसाठी मावळातील लोहगड हा उत्तम पर्याय आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी हा एक. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी. लोणावळ्यानंतरचे पहिलेच स्थानक मळवली. तेथून द्रुतगती महामार्ग ओलांडून भाजे गावात जाता येते. गावाच्या वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदण्यास सुरुवात झालेली बावीस लेणी आहेत. पुढील वाट लोहगड आणि विसापूर यांच्यामधील गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला पोहोचते. वाडीपासून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून पायऱ्यांचा मार्ग माथ्यावर जातो. गडाची विंचूकाटा नावाची लांब, निमुळती माची वरून पाहण्यासारखी आहे.

आता वरील गणित येथे लावून पाहू. मळवलीपासून माथ्यापर्यंत सुमारे सहा किलोमीटर अंतर आणि चारशे मीटरच्या आसपास चढ आहे. ठोकताळ्यानुसार दोन तास, निम्मी भर घालून तीन तास होतात. गडावर दोन तास, उतरण्यास अडीच तास आणि अनपेक्षित अडचणीसाठी अर्धा तास धरला, तर एकूण आठ तास लागतात. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचपर्यंत मळवलीला परतलेले बरे. याचाच अर्थ सकाळी नऊनंतर मळवलीहून निघणे उशिराचे होय. दुपारी दोन ही माघारीची वेळ मानावी. तेव्हा गडाच्या पायऱ्यांवर असलात, तरी तेथूनच वळावे. या मार्गावरील लोकल मुंबईप्रमाणे दर काही मिनिटांनी धावत नाहीत. त्यामुळे परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच टिपून ठेवाव्यात.

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर प्रचंड गर्दी होते. अरुंद दरवाजांत चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले, की रांग तासन्‌तास हलत नाही. वेळेचे सारे गणित अशा वेळी कोसळते. शक्य असल्यास आठवड्यातील इतर दिवस निवडावा.

जंगल : कर्नाळा

पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याच्या मध्यभागी कर्नाळा किल्ला असून, त्याचा सुमारे सव्वाशे फूट उंचीचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनही ओळखू येतो. पनवेलहून पेणच्या दिशेने जाणाऱ्या एसटीने अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी उतरता येते. तेथून किल्ल्यापर्यंत दाट झाडीतून जाणारी वाट दीड ते दोन तासांची आहे.

जंगलातील वेळापत्रक सूर्यावर नव्हे, पक्ष्यांवर बेतावे. पक्ष्यांची हालचाल उजाडल्यानंतरच्या दोन-तीन तासांत सर्वाधिक असते. उन्हे चढल्यावर जंगल शांत होते. म्हणून येथे सकाळी प्रवेश सुरू होताच आत जाणे आणि दुपारच्या जेवणापूर्वी बाहेर पडणे हा उत्तम क्रम. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही येथे येतात. शेपटीच्या टोकाला दोन पिसे मिरवणारा भृंगराज आणि पांढऱ्या फितीसारख्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसावा, अशी इच्छा असेल तर गट लहान असावा, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि बोलणे हलक्या आवाजात असावे. तिकीट, प्रवेशाची वेळ आणि प्लास्टिकविषयीचे वनखात्याचे नियम प्रवेशद्वारावरच समजून घ्यावेत.

येथे खरी काळजी घ्यायची ती मधमाश्यांची. सुळक्याच्या कपारींत आग्यामोहोळाची पोळी असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोके व चेहरा कापडाने झाकून तेथून त्वरेने दूर व्हावे. सुळक्यावर चढणे हे दोर आणि प्रशिक्षणाचे काम आहे. हौशी पदयात्रींची वाट त्याच्या पायथ्याशीच संपते.

समुद्र : अलिबागचा कुलाबा

किनाऱ्यावरील चालणे सोपे वाटते, कारण चढ नसतो. परंतु येथील घड्याळ चंद्राचे असते. अलिबागच्या किनाऱ्यासमोरील कुलाबा किल्ल्याची उभारणी छत्रपती शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये सुरू झाली. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे बनला. चुन्याविना एकमेकांवर रचलेले तटाचे प्रचंड दगड, १७५९ मध्ये बांधलेले गणेश मंदिर आणि समुद्राने वेढलेल्या जागेतील गोड्या पाण्याची विहीर पाहण्यास तासभर पुरतो. ओहोटीला किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, भरतीला हीच वाट पाण्याखाली जाते.

भरती-ओहोटीचा अंदाज घेण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत शहरी वाचकांनीही शिकण्यासारखी आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. उदाहरणार्थ, पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती असते. त्यापूर्वी आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला वाट मोकळी असते. दशमीला ती दुपारी दोनच्या आसपास मिळते. अमावास्या आणि पौर्णिमेला मात्र भर दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असल्याने मधल्या वेळचा बेत फसतो. अष्टमीला ओहोटी दुपारी असते, पण तो भांगाचा काळ असल्याने पाणी पुरेसे ओसरत नाही. हा केवळ अंदाज आहे. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकात पाहावी आणि किनाऱ्यावरील कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघून ओहोटीनंतर तासाभरात परतणे सुरक्षित. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी फारसे वाढलेले दिसत नाही आणि येथेच फसगत होते. भरतीचे जवळजवळ निम्मे पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढते. वाट बुडाली असेल, तर ओलांडण्याचे धाडस न करता किल्ल्यातच थांबावे.

तिथी जुळत नसेल तर रेवदंड्यामार्गे कोर्लईला जावे. कुंडलिका खाडीच्या मुखाशी डोंगरसोंडेवर असलेला हा पोर्तुगीजकालीन किल्ला जमिनीने जोडलेला असल्याने भरतीवर अवलंबून नाही. अलिबागसाठी गेटवे ते मांडवा ही जलसेवा सोयीची असली, तरी पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. त्या काळात पनवेल-पेणमार्गे एसटी हा पर्याय ठेवावा.

कोणता ऋतू, कोणती वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तिन्ही प्रकारच्या वाटांसाठी उत्तम. मार्च ते मे या महिन्यांत उघड्या डोंगरावर सकाळी दहानंतर थांबू नये. झाडीतील वाट निवडावी किंवा किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ चालावे. जून ते सप्टेंबर डोंगर सर्वांत देखणा असतो आणि सर्वांत बेभरवशाचाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसला, तरी वर माथ्यावर पडलेल्या सरीने ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की तत्काळ काठावर यावे. ओढा ओलांडून जायचे असेल, तर परतताना तो उतरलेला असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी

- प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखर आणि कोरडा खाऊ.
- दिवसाची भटकंती असली तरी विजेरी. भ्रमणध्वनीच्या उजेडावर विसंबू नये.
- पकड असलेले बूट, टोपी, शिटी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि नेहमीची औषधे.
- पायथ्याच्या गावात वाटेची चौकशी. धुके किंवा फुटणाऱ्या वाटा असल्यास स्थानिक वाटाड्या.
- गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाइतका. त्याला मागे एकटे सोडू नये.
- आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक. मात्र दरीत संपर्क मिळेलच असे नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. कोठे जाणार, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. ठरलेली वेळ उलटून दोन तास झाले तर कोणाला कळवायचे, तेही त्यात लिहावे. डोंगरात वाट चुकलेल्या माणसाचा शोध नेमका कोठून सुरू करायचा, हे अनेकदा त्या चार ओळींवरच ठरते.