सैंधवाचे वय

उपवासाच्या सैंधवाचे वय किती, असे कोणी वाण्याला विचारले तर तो हसेल. परंतु याच प्रश्नावरून हिंदुस्थानातील भूशास्त्रज्ञांत एके काळी मोठे रण माजले होते.

पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या खेवडा येथे या मिठाची जुनी खाण आहे. मिठावरच्या थरांत ट्रायलोबाइट नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्रप्राण्यांचे अवशेष सापडतात. म्हणजे ते थर कँब्रियन काळचे, पन्नास कोटी वर्षांहून जुने. खालचा थर वरच्याहून जुना, या न्यायाने मीठ त्याहूनही प्राचीन ठरते. परंतु जवळच्या कोहाटचे मीठ इओसीन काळातले, म्हणजे त्या मानाने कालपरवाचे. खेवड्याचेही तसेच असावे आणि जुने खडक मागाहून त्याच्यावर सरकून आले असावेत, असा दुसरा पक्ष होता.

लखनौचे प्रा. बिरबल साहनी यांनी मिठालाच साक्षीला बोलावले. मीठ पाण्यात विरघळवायचे आणि तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, इतकी साधी रीत. गाळात फुलझाडांच्या लाकडाचे कण व कीटकांचे तुकडे दिसले. कँब्रियन काळी तर जमिनीवर गवताचे पातेही नव्हते! १९४४ व १९४५ साली या वादावर खास चर्चासत्रे भरली. विरोधक म्हणाले, हे कण पाण्याबरोबर मागाहून झिरपले असतील. साहनींनी दाखवून दिले की, मिठाच्या जोडीच्या डोलोमाइटात व तेलयुक्त शेलमध्येही तेच अवशेष मिळतात, आणि ते खडक काही मिठासारखे पाण्यात विरघळत नाहीत. उत्तर बिनतोड वाटण्याजोगे होते. एप्रिल १९४९ मध्ये लखनौच्या आपल्या संस्थेची पायाभरणी झाल्यावर आठवड्याभरातच साहनी वारले. वाद तसाच राहिला.

आज निकाल त्यांच्या विरुद्ध आहे. हे मीठ सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. ओमान व इराणमधील तशाच प्राचीन मिठाशी त्याचा मेळ बसतो. ते कण थराबरोबर साचलेले नव्हते, मागाहून शिरलेले पाहुणे होते. मौज ही की, डोंगर सरकल्याची गोष्ट मात्र खरी निघाली. मीठ दाबाखाली मऊ पडते, आणि त्याच्याच पाठीवरून ती सारी रांग दक्षिणेकडे सरकत आली आहे.

साहनींच्या संस्थेत परागकणांवरून थरांची वये लावण्याचे काम चालू आहे. या शास्त्रात आता नमुन्याची बाहेरची साल आधी खरवडून टाकतात, आणि नमुना न घालता नुसते पाणी व रसायनेही त्याच रीतीने तपासून पाहतात.