दऱ्या, सातबारा आणि एक न दिसणारं अक्षर

मंडळी, या रविवारी थोडा इतिहास. राजेमहाराजांचा नाही, एका अक्षराचा.

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीत असतात त्या. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं की विद्वान येणार, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं की जेवण मिळणार :) पहिल्या शब्दात र चा रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो आडवा होऊन शेजारच्या अक्षराला चिकटतो. हिंदीचं याच्यावाचून अडत नाही. आपल्याला मात्र हा आडवा र पावलोपावली लागतो. शेतकऱ्याला, तऱ्हा, बिऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड... यादी लांबेल.

आता हे संगणकाला सांगायचं कसं? 'इस्की' या भारतीय मानकात (आयएस १३१९४, सन १९९१) त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षरच वापरलं होतं. ऱ, मग हलन्त, मग य. युनिकोडने आपला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला, त्यामुळे ऱ तिथेही आला. क्रमांक ०९३१. पण १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये आडव्या र साठी दुसरी वाट होती. साधा र, हलन्त, आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक शून्य रुंदीचं, न दिसणारं अक्षर. पुढे इस्कीची वाट मान्य झाली, पण जुना मजकूर बिघडू नये म्हणून दुसरीही चालू ठेवली गेली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की थेट ऱ मिळतो. उच्चाराप्रमाणे टंकायच्या काही साधनांतून मात्र न दिसणाऱ्या अक्षराची वाट निघते. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' तंतोतंत सारख्या. छापल्या तरी सारख्या.

माणसाला फरक कळत नाही, प्रोग्रॅमला कळतो.

पायथॉन ही भाषा गीदो फान रॉसमने १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. कितीतरी वर्षं तिच्यात नावं ठेवायची म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ, एवढंच. मे २००७ मध्ये मार्टिन फॉन लोविस याने प्रस्ताव मांडला (पेप ३१३१) की जगातल्या कुठल्याही लिपीत नाव ठेवता यावं. बराच वाद झाला. दुसऱ्याचा कोड वाचता येणार नाही, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी लोक फसतील, अशा शंका निघाल्या, आणि त्या काही उगाच नव्हत्या. शेवटी प्रस्ताव मान्य झाला. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३.० आलं आणि आपण 'भाव = 12' असं लिहायला मोकळे झालो.

नियम साधारण असा. सुरुवात अक्षराने किंवा खालच्या रेघेने. पुढे अक्षर, मात्रा, हलन्त, अनुस्वार, आकडा, सगळं चालेल. आणि वाचताना पायथॉन प्रत्येक नाव एका ठरावीक रूपात आणतो, म्हणजे कुणी ऱ ऐवजी र आणि खाली नुक्ता असा टंकला तरी त्याचा ऱ होतो. न दिसणारा जॉइनर मात्र यादीत नाही. परिणाम? ऱ वापरून लिहिलेलं 'दऱ्या' हे नाव चालतं, जॉइनर वापरून लिहिलेलं चालत नाही. शब्द तोच!

मला हा कडकपणा पटतो. जावास्क्रिप्टने २००९ मध्ये उलटं केलं. नावात जॉइनर चालेल म्हणून सांगितलं आणि रूपं एक करायच्या भानगडीत ती पडली नाही. तिथे दोन 'दऱ्या' शेजारी शेजारी सुखाने नांदतात, आणि कुठलीत आपण पडलो ते कळत नाही.

पण पायथॉनचा हा पहारा फक्त पुढच्या दारावर आहे. कोडमध्ये टिंब देऊन नाव लिहिलं तर तपासणी होते. प्रोग्रॅम चालू असताना 'सेटॲट्र' वापरून एखाद्या वस्तूला गुण चिकटवला, तर नावाची एकच चौकशी होते, 'तू स्ट्रिंग आहेस ना?' मग ये आत. मधे मोकळी जागा, तिरकी रेघ, न दिसणारा जॉइनर, काहीही. अगदी रिकामं नावसुद्धा. रूप एक करण्याचं कामही इथे होत नाही. हा बग नव्हे बरं का. नाव नियमात बसणारं असलंच पाहिजे असं नाही, हे पायथॉनची अधिकृत कागदपत्रंच सांगतात. वस्तूचे गुण शेवटी एका डिक्शनरीत जातात, आणि डिक्शनरीला कुठलीही किल्ली चालते. रूबी इथे जास्त कडक. तिच्या 'ॲटर ॲक्सेसर'ला 'नाव?' असं प्रश्नचिन्हासकट नाव दिलं तर ती जागच्या जागी नकार देते.

हे सगळं मला का आठवलं, तर पिंपळवंडीमुळे. जुन्नर तालुक्यात, नारायणगाव आणि आळेफाट्याच्या पट्ट्यात आमचे काही नातलग आहेत. टोमॅटो, कांदा. सात-आठ जण मिळून माल एका गाडीत भरतात, नारायणगावच्या बाजारात पाठवतात आणि पट्टी आली की पैसे वाटून घेतात. हिशेबासाठी त्यांनी कुणाकडून तरी एक छोटा प्रोग्रॅम करून घेतला होता. एक दिवस मावसभावाचा फोन, "दादा, हिशेबात कॅरेट आहेत, रक्कम आहे, माझं नावच नाही. ज्याचं नाव नाही त्याला पैसे कसे द्यायचे म्हणतात."

तीन जण तीन मशीनवर फाइली भरत होते. प्रोग्रॅम प्रत्येक रकान्याचं शीर्षक घेऊन सेटॲट्रने ओळीला चिकटवायचा, आणि नंतर 'शेतकऱ्याचे_नाव' मागायचा, न सापडल्यास रिकामी जागा. एका फाइलीत ऱ होता, दुसरीत जॉइनर. दुसऱ्या फाइलीतले सगळे शेतकरी निनावी. चूक झाली अशी एकही ओळ पडद्यावर नाही! गावनिहाय बेरजेतही तीच तऱ्हा. 'पिंपळवंडी' आणि शेवटी एक मोकळी जागा असलेलं 'पिंपळवंडी' ही दोन गावं झाली होती.

प्रोग्रॅमवाल्याने आधीच एक इलाज केला होता. न दिसणारी अक्षरं सरसकट काढून टाका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि इंग्रजीत तो बरोबरही असेल. मराठीत जॉइनर काढला की र उडी मारून डोक्यावर बसतो. शेतकऱ्याचा 'शेतकर्याचा' होतो, दऱ्यांचा दर्या होतो. म्हणजे दोन रूपं होती, त्यात तिसरं आलं. बरं, हे तिसरं रूप पायथॉनच्या नियमात अगदी चोख बसतं!

म्हणून नुसतं 'नाव वैध आहे का' विचारून भागत नाही. 'नाव' आणि 'नांव' दोन्ही वैध आहेत. उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढले, पण जुने छापील नमुने पाहून टंकणारा माणूस अजून 'नांव' लिहितो. 'ॲडव्हान्स'चा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीची सवय असलेले अ वर चंद्र काढतात. हे दोन ॲ दिसायला एकच, पण पायथॉन त्यांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते समान नाहीत.

(जुन्नरकरांना हा घोळ नवा नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या वर ब्राह्मीत नाव कोरलेलं. पुतळे गेले, नावं राहिली. किल्ल्या शाबूत, आतला ऐवज गायब. त्यातल्या राणीला कुणी नायनिका लिहितं, कुणी नागनिका. बाई एकच.)

असो. उपाय काय केला? शीर्षक आत येतानाच आधी कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या आणि रूप एक करायचं. मग र, हलन्त, जॉइनर असं दिसलं की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचा. अ वरचा चंद्र असेल तर ॲ. उरलेले जॉइनर त्यानंतर काढायचे, आधी नाही. क्रम महत्त्वाचा. आणि शेवटी गावकऱ्यांनीच करून दिलेल्या शब्दांच्या यादीत ते नाव आहे का, एवढं पाहायचं. नसेल तर प्रोग्रॅम थांबतो आणि विचारतो. नेमडटपलला 'रिनेम' सांगून मोकळं होता आलं असतं, पण तो न पटलेल्या नावाच्या जागी नुसता रकान्याचा क्रमांक ठेवतो. शेतकऱ्याचं नाव '_१'? नको.

यादी करायला बसलो तेव्हा '७/१२' अडेल असं वाटलं होतं. आकड्याने सुरुवात, मधे तिरकी रेघ, म्हणजे नियमात कुठेच न बसणारं नाव. (गंमत म्हणजे '७' चा आकडा म्हणून पायथॉन बिनतक्रार ७ च वाचतो, नाव म्हणून मात्र नाही.) पण भावाने वहीत लिहिताना 'सातबारा' असंच लिहिलं होतं, आणि ते कुठल्याही तपासणीतून सरळ जातं.

अडलं ते भलतीकडेच. 'कॅरेट' ठेवायचं की 'क्रेट'? सात जणांपैकी दोघांचं अजून म्हणणं आहे की मूळ शब्द क्रेट आहे, तोच ठेवा. सध्या यादीत 'कॅरेट' आहे.